पॉइंट आठचा फरक

दात घासायचा जुना ब्रश, बेअरिंगमध्ये अडकलेले केस काढायला.

भूगोलाच्या सत्तावीस उत्तरपत्रिका तपासून झालेल्या, सव्वीस राहिलेल्या.

लेथखाली पांढरा भुगा, मेण किसल्यासारखा.

उजव्या कोपरावर ताजं खरचटलेलं.

त्या कोपरावर फुंकर मारत भूगोलाची शिक्षिका गॅरेजच्या दारात आली. काखेत स्केटबोर्ड.

"बाबा, चाकांना काही केलंत?"

"चांगलंच केलं," सासरे म्हणाले. एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेली. निवृत्त झाल्यावर एक छोटा लेथ घरीच आणला. "मागचं उजवं चाक झिजून पंचावन्न पॉइंट दोन मिलिमीटरवर आलेलं. बाकीची छप्पन. मग तिन्ही उतरवून त्याच्या बरोबरीला आणली. नटही चाकात आत घेतले. बोर्ड कडेवर उभा केलास की जमिनीला टेकायचे ते. आता बघ, केसाचा फरक नाही."

"तेच तर! कडेवर छान उभा राहतो. फिरत नाही."

तिनं बाहेर फरशीवर दाखवलं. पुढची चाकं हवेत, मागच्या दोन्हींवर गिरकी.

एक.

दोन.

तिसरीला बोर्ड एकीकडे, ती दुसरीकडे.

रविवारच्या स्पर्धेत सलग आठ लागणार होत्या. मागच्या वर्षी सहावीला पाय टेकला आणि सगळं तिथंच संपलं. त्यानंतरचं वर्षभर ती या झिजलेल्या चाकावरच शिकली होती. बोर्ड उजवीकडे किंचित कलायचा आणि त्या कलावरच तिची गिरकी बसायची.

"नवीन घे की."

"नवीन चारही सारखीच येतात, बाबा."

"मग मऊ घे, लवकर झिजतील."

"मऊ चाकं फरशीला धरून बसतात. गिरकीला कडकच लागतात."

"म्हणजे ते एक चाक मी आणखी पॉइंट आठनं उतरवू? मुद्दाम?"

"हो."

"सूनबाई, आयुष्यात माझा एक पार्ट रिजेक्ट झाला नाही."

"मला शिव्या घाला, पण करा."

शिव्या त्यांनी लेथला घातल्या. चाक चढवलं, भुगा पडला, मापलं. चोपन्न पॉइंट पाच.

"चालेल, बाबा."

"चालेल काय? वाकडंच करायचं तर मापात करू."

अजून एक हलका हात. चोपन्न पॉइंट चार.

चाक परत मागे, उजवीकडे. दोन्ही अंगांना वॉशर. ते त्यांनी दोनदा मोजले. नट आवळला, मग जरासा सैल सोडला. बोटानं चाक फिरवून कान लावला.

ती पुन्हा फरशीवर गेली.

सहा.

सात.

आठ.

नववीनंतर ती आपणहून उतरली आणि भिंत धरली.

"चक्कर येत नाही का गं?"

"येते ना."

"मग?"

"मग काही नाही. येते."

सासऱ्यांनी लेथखालचा भुगा झाडायला घेतला.

बोर्डाला आठ वॉशर लागतात. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांनी ही चाकं पहिल्यांदा बसवली तेव्हा सातच घातले होते, मागच्या उजव्या चाकाचा एक राहिला होता; म्हणूनच तेवढं एक चाक घासत झिजलं.