मंगळवारचा वारा

मी एक जुनी भट्टी आहे, माशांना धुरी देणारी. मित्रांनो, माझे तोंड चांगले मोठे आहे, पण ते कोणाला दाखवायची मला लाज वाटते.

घानाच्या किनाऱ्यावर कूकुवा नावाच्या कोळिणीने माती तुडवून मला आपल्या अंगणात घडवले. वर जाळ्यांवर मासे, खाली लाकडे, आणि शेवटी रंग चढावा म्हणून नारळाच्या सोडणांचा दाट धूर. मासे सोनेरी होऊन निघत. बाजारात बायका म्हणत, "कूकुवाची भट्टी म्हणजे भट्टीच!" मी फुशारून जाई. तिच्या डोळ्यांतले पाणी मला दिसत होते, पण मी काणाडोळा केला.

पुढे तिला खोकला लागला. कोणी विचारले की ती म्हणे, "समुद्राचा वारा गं, बाधतो मला."

तिची सून एसाबा तोंडाची फटकळ. तान्ह्या अराबाला पाठीशी बांधून ती सासूच्या हाताखाली राबे. आमच्याकडे मंगळवारी समुद्राला विश्रांती असते. होड्या निघत नाहीत, म्हणून मीही थंड असते. त्या दिवशी कूकुवाचा खोकला हलका पडे, हे एसाबाने बरोबर हेरले.

एका बुधवारी तिने विचारले, "आई, मंगळवारी वारा काय माहेरी जातो?"

"गप गं! भट्टीला नावं ठेवतेस? हिच्याच जिवावर तुझ्या नवऱ्याला वाढवलंय."

"हो, दिसतंय की. ताटात जरा जास्तच वाढलंत त्याला!"

दोघी हसल्या. हसता हसता कूकुवा खोकत खाली बसली, ती माशांची परात उचलायला उठलीच नाही.

दवाखान्यातली नर्स आली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत अशाच इवल्या चुली असतात. अन्न आणि श्वास मिळाला की त्या पेटतात, त्यातून पेशीला जोर येतो. धुरातली विषं त्या चुलीच मंद करतात. मग आतली काजळी बाहेर लोटायलाही जोर उरत नाही."

मी स्वतः एक चूल, आणि तिच्या आतल्या चुली मीच मंद केल्या! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"धुराडं बसवून घ्या, आणि पोरीला इथून लांब ठेवा," नर्सने बजावले. कूकुवाने तिथल्या तिथे सुनेच्या पाठीवरची नात सोडवून घेतली. आता ती अराबाला घेऊन लांब माडाखाली बसते. धुराडे मात्र राहूनच गेले. मोसम सरला की बसवू, असे सगळे म्हणतात. माझ्यापुढे आता एसाबा एकटीच वाकते.

परवा शेजारणीने तिला विचारले, "खोकतेस का गं?"

"काही नाही गं, समुद्राचा वारा," एसाबा म्हणाली.

मी थंड होते. मंगळवार होता, तरी तिचा खोकला हलका पडला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत माझी कोणी बहीण असेल, तर तिला आजच धुराडे बसवा. आणि तिच्यापुढे वाकणारी बाई खोकली, तर तिला वाऱ्याचे नाव घेऊ देऊ नका.