शाबासकी

“आधी जू उतरव,” आबाजी म्हणाले, “मग बैलाचे गुण सांग.”

कुरुळीच्या ज्योतीरामाने नाखुशीनेच जू उतरवले. चाकणच्या बैलबाजारामागे, निंबाच्या सावलीत, बैल मुकाट उभा होता. तीन वर्षांपूर्वी तो खोंड असताना आबाजींनीच त्याला जुवाखाली आणले होते. अलीकडे तो पिंपरीकडे उभ्या राहत असलेल्या औषधांच्या कारखान्यासाठी दगड वाहत असे. जू बाजूला होताच दर्प सुटला. खांद्यावर तळहाताएवढे गळू पिकून फुटले होते.

“कवापास्नं हाय हे?”

“द्येवाशपथ आबा, मला काल कळलं. भरल्या गाडीला वाटंतच बसला, तवा. त्याआधी कुरकुर म्हनून न्हाई. लई गुणाचं जित्राब!”

“कवातरी थांबला असंलच की.”

“थांबला व्हता, शिमग्याच्या सुमाराला. दोन-चारदा. थांबला की पराणी टोचली. मग थांबायचं सोडलंच त्यानं.” ज्योतीराम हसला. “वळण लावावं लागतंय, आबा. तुमास्नी काय सांगायचं?”

“वळण न्हवं हे. दुखतंय ते सांगायचं न्हाई, येवढंच शिकवलंस तू त्याला.”

आबाजींनी उभ्या आयुष्यात पराणी हाती धरली नव्हती. त्यांची रीत निराळी होती. खोंडाने जुवाखाली मान घातली रे घातली, की त्याच क्षणी त्याच्या जिभेवर गुळाचा खडा पडे. क्षणाचा विलंब झाला तर गूळ वाया गेला, असे ते म्हणत. कारण जनावर उपकार स्मरत नाही, लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींची ते मनात गाठ मारून ठेवते. आणि खोंडाने मान हिसडलीच तर? मार नाही, शिवी नाही. आबाजी पाठ फिरवत आणि दूर जाऊन बसत. माणसाची पाठ पाहून खोंड कावराबावरा होई, आणि आठवडाभरात ते हिसडणे आपोआप विरून जाई. न मारता वळण लावणारा माणूस म्हणून खेड तालुक्यात त्यांचे नाव आदराने घेतले जात असे. या लौकिकाला त्यांच्या अंतःकरणात आणखी एका अभिमानाची जोड होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, पण अंबुबाईवर त्यांनी एकदाही हात उचलला नव्हता.

निंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने त्यांनी जखम धुतली आणि पू काढण्यासाठी अंगठ्याने दाबली. बैल हलला नाही. त्याने फक्त एक डोळा मिटून घेतला. त्या मिटलेल्या डोळ्याने आबाजी अस्वस्थ झाले. असा डोळा मिटताना त्यांनी आणखी कुठेतरी पाहिले होते. कुठे, ते मात्र आठवेना.

जखमेत हळद भरून, महिनाभर जू लावू नकोस असे ज्योतीरामाला बजावून, ते दुपारी घरी परतले. अंबुबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पती दारात दिसताच त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या, ताटाकडे हात नेला, आणि पिठाळ हातांनीच खाली कोसळल्या.

ताटाच्या आवाजाने शेजारची ताजुन्निसा धावत आली. तिचा नवरा बरकत बैलांना नाल ठोकत असे. तो तसाच सायकल घेऊन खेडला गेला आणि दोन तासांत डॉक्टरांना मागे बसवून घेऊन आला.

“बाई, कुठं दुखतं?” डॉक्टरांनी विचारले.

अंबुबाईंनी पतीच्या मुखाकडे पाहिले. मग क्षणभर डोळे मिटले.

“काय न्हाई. बरं हाय.”

आता आबाजींना आठवले होते.

डॉक्टरांनी पोटावर हात दाबला. अंबुबाईंचे सर्वांग लाकडासारखे ताठले, पण ओठांतून शब्द फुटला नाही. डॉक्टर वळले. “दुखणं जुनं असेल तर आजच्या आज पुण्याला न्यायला हवं. आजच उपटलं असेल, तर एवढ्या धक्क्यांच्या रस्त्यानं हलवणंच घातक. यांनी सांगितल्याशिवाय मी ठरवू कसं?”

आबाजी उशाशी उकिडवे बसले. “अंबू, सांग की गं. मी इचारतोय.”

“तुमी जेवला न्हाई अजून,” अंबुबाई म्हणाल्या.

ताजुन्निसाने डोक्यावरची ओढणी सावरली. “भाऊ, राग मानू नका. तुमी जरा भायेर बसा. तुमच्याम्होरं न्हाई बोलायची ती.”

“का म्हनून? मी काय मारतो का तिला?”

“मारलं असतं, तर बोंबलली तरी असती बिचारी.”

आबाजी उठले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले. मग आतून एक स्वर उमटला. तो इतका मोकळा, इतका बोलका होता, की आत आणखी कोणी स्त्री आली असावी असे त्यांना वाटले.

“दीड वरीस झालं, डाक्टर. गेल्या सालच्या सक्रांतीपास्नं. डाव्या अंगाला गोळा फिरतो. परवापास्नं तर पाणी बी ठरंना.”

“घरात सांगितलं नाही?”

“सांगितलं की, एकदा. हे जेवत व्हते. ताट सारलं न् गोठ्यात जाऊन बसले. वाकडा सबूद न्हाई हां बोलले! दुसऱ्या दिशी मी गुमान दळण दळलं, पाणी भरलं, तवा म्हनले, शाबास अंबू, तुज्यावानी सोसणारी बाई मुलखात न्हाई. सांजच्याला बाजारातनं बांगड्या आणल्या. मग पुन्ना कशाला सांगायचं?”

त्या बांगड्या आबाजींनी प्रेमानेच आणल्या होत्या. हिरव्या की लाल, या विचारात कासाराच्या दुकानी ते कितीतरी वेळ उभे राहिले होते.

डॉक्टर बाहेर आले. आबाजी धडपडत उठले.

“आजच न्या. बरकत कांद्याचा ट्रक बघायला गेलाय, पुण्याला जाणारा.”

“जगंल न्हवं?”

“वर्षभर आधी कळायला हवं होतं,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि ट्रक येतो का ते पाहण्यासाठी रस्त्याकडे गेले.

आबाजी आत निघाले. मनात पुष्कळ बोलायचे होते. उंबऱ्यावर त्यांचे पाऊल पडताच आतले बोलणे मध्येच तुटले. अंबुबाईंनी पदर कपाळावर ओढला.

“बरं हाय आता,” त्या म्हणाल्या.

बोल, मी ऐकतो आहे, असे सांगणे सोपे होते. परंतु अठ्ठावीस वर्षांचे वळण एका शब्दाने मोडत नाही, हे त्या गावात आबाजींहून अधिक कोणास ठाऊक असणार? ते उंबऱ्यावरूनच मागे फिरले आणि पुन्हा भिंतीशी बसले. ठसका दाबण्यासाठी त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला. आतला स्वर बऱ्याच वेळाने, चाचपडत, पुन्हा सुरू झाला.

“माजी पोर, इंद्रायणी, गेली ना, ताजू, सात म्हैन्यांची व्हती. आठ दिस रडले मी. रडाय लागले की हे ताटावरनं उठायचे. नवव्या दिशी रडले न्हाई, तर पोटभर जेवले.”

“मग गं?”

“मग काय! तवाधरनं रडायचंच ऱ्हाऊन गेलं बग.”

अंबुबाई किंचित हसल्या. ते हसू मध्येच चिरले, आणि आतून एक बारीक, अनोळखी आवाज येऊ लागला. पहिल्याने तो अडखळत होता. पुढे हळूहळू त्याला वाट सापडत गेली.

इतक्यात कांद्याचा ट्रक वळणावर येऊन थांबला. टपावर बसलेल्या बरकतने हाक मारायला तोंड उघडले. चालकाचा हात भोंग्याकडे गेला. आबाजी अनवाणी धावत रस्त्यावर आले. भर उन्हात, ट्रकच्या तोंडाशी, ते ओठांवर बोट ठेवून उभे राहिले.