गुरुवारचं टेबल

ऑस्ट्रियातल्या आमच्या हाल्स्टाट गावात रोज पर्यटकांची जत्रा उतरते आणि बोलायला कुणी नसतं. लोक तळ्याचे फोटो काढतात, माझ्या खिडकीचे काढतात. मी पडदा ओढला तर पडद्याचाही काढतात.

खानावळीतलं शेगडीजवळचं गोल टेबल आम्हा मिठाच्या खाणीतल्या सहा जणांचं. गुरुवारी तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. येणाऱ्याने मुठीने टेबलावर दोनदा टकटक करायची, हाच आमचा रामराम. चौघे चर्चमागच्या मातीत गेले. एंगेलबर्ट लेकीकडे गॉइजर्नला राहायला गेला. उरलो मी आणि पाच रिकाम्या खुर्च्या.

परवा मालकीण रोझविटा म्हणाली, "ओट्मारकाका, राग मानू नका. एका बिअरवर तुम्ही सहा खुर्च्या अडवता. येत्या गुरुवारी निदान एक तरी सोबती आणा, नाहीतर टेबल मी पाहुण्यांना देणार."

"तुझ्या बापाने दिलंय ते आम्हाला!"

"बाबांच्या वेळी तुम्ही सहा जण प्यायचात."

खरं बोलली, म्हणून जास्त झोंबलं.

गुरुवारी बोटीने तळं ओलांडलं, पलीकडून गाडी धरली आणि गॉइजर्न गाठलं. त्याची लेक म्हणाली, बाबा इथल्या खानावळीत गेलेत. तिथे एंगेलबर्ट चार अनोळखी म्हाताऱ्यांत पत्ते पिसत होता. मी टकटक केली. सगळ्यांनी उलट टकटक केली.

"अरे ओट्मार! जिवंत आहेस होय लेका!"

"चल ऊठ. आपलं टेबल जातंय."

तो पत्त्यांकडे बघत राहिला. "माझा गुरुवार आता इथेच असतो रे. तूच बस की."

"मला माझं टेबल आहे," म्हणालो आणि तडक निघालो. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली होती. परतीच्या गाडीत ती खुर्ची आठवून रडू येत होतं.

संध्याकाळी पोहोचलो, तर आमच्या टेबलाशी एक परदेशी कुटुंब सूप पीत बसलेलं. रोझविटाने लांबूनच मान खाली घातली. तळपायाची आग मस्तकात गेली. मग दिसलं, पाच माणसं होती आणि एक खुर्ची रिकामी. ते टेबल इतकं भरलेलं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मला मनापासून त्यांच्यात बसावंसं वाटलं.

जवळ जाऊन मी दोनदा टकटक केली.

सगळे दचकले. बाप घाईघाईने उठला, हात जोडल्यासारखं करत माफी मागू लागला. आईने कोट गोळा केले.

"अहो बसा! बसा ना!" मी आमच्या बोलीत ओरडलो. ते आणखीच घाबरले आणि अर्धं सूप टाकून निघून गेले.

रोझविटाने ताटल्या उचलल्या, माझ्यापुढे बिअर ठेवली.

"राहू दे काका," ती हळूच म्हणाली. "टेबल तुमचंच."