पुसलेला शिक्का

सावनीनं लायब्ररीचे पडदे ओढले आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पहिल्या पानावर धरला. एरवी कोरा दिसणारा खालचा कोपरा जांभळ्या उजेडात बदलला. तिथं एक लंबगोल शिक्का उमटला, आणि त्यात देवनागरी अक्षरं.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरपासून तासाभरावर, शेतांच्या मधोमध असलेलं हे दगडी घर डॉक्टर राजारामांनी तीस वर्षांपूर्वी लायब्ररीसकट घेतलं होतं. चंद्राच्या नकाशांचं हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं लॅटिन पुस्तक घराबरोबरच आलं, असं त्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं. उद्या एका कार्यक्रमात ते पुस्तक युनिव्हर्सिटीला द्यायचं होतं. जुनी पुस्तकं तपासणाऱ्या सावनीची तेवढी सही राहिली होती. ती अमेरिकेत नवी असताना आजारी पडली, तेव्हा याच राजारामकाकांनी आणि नंदाकाकूंनी तिला महिनाभर घरी ठेवून घेतलं होतं.

"काही प्रॉब्लेम?" दारातून काकांनी विचारलं.

"काका, हे तुमच्याच कॉलेजचं नाव आहे ना?"

काकांनी आत येऊन दार लावलं. तिच्या हातून पुस्तक घेऊन ते पेटलेल्या फायरप्लेसजवळच्या खुर्चीत बसले आणि खाली मान घालून सांगू लागले. कॉलेजचे ग्रंथपाल गुरुनाथ सर विश्वासानं त्यांच्या हाती कपाटाची किल्ली द्यायचे. अमेरिकेला निघताना काकांनी हे पुस्तक ट्रंकेत टाकलं, परत पाठवू म्हणून. पुढं चौकशी झाली, चोरीचा आळ सरांवर आला, त्यांची नोकरी गेली. काकांना पत्रातून सगळं कळलं होतं. ते गप्प राहिले, आणि त्यांनी शिक्का पुसून टाकला.

"सही कर, सावनी. पुस्तक लोकांना बघायला मिळेल, ते महत्त्वाचं."

"नाही करता येणार, काका."

काकांनी पुस्तक जाळावर धरलं. सावनी जागच्या जागी थिजली. हिसकावलं असतं तर पानं फाटली असती. चामड्याचा जळका वास यायला लागला.

"सरांच्या घरी कोण आहे आता?" तिनं कसंबसं विचारलं.

"मुलगी. सर गेले."

"वडिलांनी चोरी केली नव्हती, हे तिला कोण सांगणार?"

काकांनी पुस्तक जाळापासून जरा वर उचललं. सावनीनं पुढं होऊन त्यांच्या हाताखाली आपले दोन्ही हात धरले आणि सावकाश पुस्तक मागं ओढलं. त्यांनी ते सोडलं.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम कॅन्सल झाला. काकांनी आधी कॉलेजला आणि मग सरांच्या मुलीला सगळं लिहून कळवलं. नंदाकाकूंनी दोन्ही पत्रं वाचली आणि आठवडाभर नवऱ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

मुलीचं उत्तर दोन ओळींचं होतं. आई अजून आहे. तिला हे तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

काकांनी पुढच्याच आठवड्याचं भारताचं तिकीट काढलं. एअरपोर्टवर त्यांना सावनीनं सोडलं. काकू आल्या नाहीत.