गच्चीवरची चार चाकं

शेषरावांच्या जुन्या गाडीच्या अलॉय चाकांचा रंग जागोजागी उडाला होता. ती बघून टायरवाला म्हणाला, "इन्हें बदल दीजिए, मैडम." अक्षदाला ते झोंबलं. तिच्या बाबांनी, शेषरावांनी, जन्मभर रेल्वेचे डबे रंगवले होते. लकव्याने आता त्यांचा उजवा हात उचलला जात नव्हता, एवढंच.

टायर उतरवून तिने चारही चाकं बनी पार्क वस्तीतल्या घराच्या गच्चीवर नेली. रसायन लावून जुना रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासलं आणि घाईघाईत एक चाक रंगवलं. दुसऱ्या दिवशी त्याचे पापुद्रे निघाले.

"तेलकट राहिलं होतं ते," गच्चीवरच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "थिनरने पूस. आधी प्रायमर मार. अन् स्प्रे मारताना हात थांबवू नको."

तिने ते चाक पुन्हा पार धातूपर्यंत खरवडलं. आठवडाभर रोज सकाळी ड्यूटीच्या आधी ती गच्चीवर असे. बाबा डाव्या हाताने दाखवत, "इथं पातळ झालं बघ," आणि ती पुन्हा रंगाचा एक हात देई.

रविवारी टायर चढवताना टायरवाला चाकावरून बोटं फिरवत राहिला. "किससे करवाया?"

"पापा ने सिखाया, मैंने किया," अक्षदा ताठ मानेने म्हणाली.

गाडी दारात आली, तेव्हा आजारपणापासून घराबाहेर न पडलेले शेषराव काठी टेकत खाली उतरले. चारही चाकांभोवती एक फेरी मारून ते पुढच्या सीटवर बसले.

"रेल्वे कॉलनीत घे," ते म्हणाले. "सगळ्यांना दाखवू, माझ्या पोरीचा हात कसा आहे!"