डावीकडचा ट्रक

बाबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि सवयीने पायाने टेबलाखाली चाचपून पाहिलं.

"क्लच कुठे आहे?"

"नाहीये त्यात क्लच."

"मग ही कसली गाडी?"

ती हसली. नव्या खेळांवर लिहिणं हे तिचं पोटापाण्याचं काम. हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ बाजारात यायच्या आधीच तिच्याकडे आला होता, टेबलाला अडकवायच्या स्टिअरिंगसकट, आणि त्याबद्दलचं पहिलं मत तिला उद्यापर्यंत द्यायचं होतं. पण मत काही ठरत नव्हतं. समुद्रापासून बर्फाच्या डोंगरापर्यंत सगळा मुलूख मोकळा. शर्यत लावा, नाहीतर नुसते भटका. ऊन तर असं पडायचं की डोळ्यांवर हात धरावासा वाटे. पण गावांमध्ये चिटपाखरू नाही, आणि गाडी कितीही जोरात आपटली तरी एक बटण दाबलं की पुन्हा कोरी करकरीत. धड चांगला म्हणवेना, धड वाईट म्हणवेना. म्हणून रविवारची दुपार बघून तिने बाबांना बसवलं होतं. त्यांचा जन्म गाडी चालवण्यात गेला होता. ट्रक झाले, बस झाली, आणि आता शाळेची बस. तिची मुलगी बिट्टी त्याच बसने शाळेत जायची.

बाबा सावकाश निघाले. शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या धुरळा उडवत पुढे गेल्या तरी त्यांनी वेग वाढवला नाही. वळणाआधी ते हॉर्न शोधत होते. रस्ता झकास बांधलाय म्हणाले, उतारावर गाडी जड होते तेही बरोबर दाखवलंय म्हणाले. ती एकीकडे लिहून घेत होती.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पडदा हादरला.

"हा कुठून आला?" बाबा म्हणाले.

रस्त्याच्या डाव्या कडेला एक पिवळा ट्रक उभा होता. ती म्हणाली, आजवर गाडीला ओरखडा नाही म्हणून मिरवता ना, गेली अब्रू. बाबाही हसले. पण थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि मग तिसऱ्यांदा. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"लिही तुझ्या त्या मतात. बाकी सगळं ठीक, पण गाड्या आभाळातून पडतात. माणसाने सावरायचं कसं?"

ते चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. ही खेळातली चूक असेल तर लेखाला चांगलाच मुद्दा मिळणार होता. नेहमीप्रमाणे सगळं रेकॉर्ड झालेलं होतंच. तिने ते मागे नेलं आणि पाहू लागली.

ट्रक आभाळातून पडला नव्हता. लांबच्या वळणावरून गाडी बाहेर आली तेव्हापासून तो तिथेच होता, उन्हात, डोळ्यांत भरेल असा पिवळाधमक. गाडी सरळ त्याच्याकडे जात राहिली. ब्रेक लागला नाही, चाक वळलं नाही. तिने दुसरी धडक पाहिली. डावीकडेच. तिसरी पाहिली. मग पुन्हा पहिली.

दाराच्या चौकटीला बाबांचा खांदा हल्ली घासायचा; वय झालं, असं म्हणून सगळे हसायचे. तोही डावाच खांदा. आणि बसचं दार डावीकडे होतं. मुलं डावीकडे उतरायची, दप्तरं सावरत, कुणी वाकून बुटाची नाडी बांधत, कुणी काहीतरी विसरलं म्हणून उलटं धावत. बिट्टी सगळ्यांत शेवटी उतरायची.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा ओट्याशी उभे होते. ती मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, आवाज न करता थांबली. आता वळतील, दचकतील, काय गं म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली. बाबांनी गॅस बारीक केला. साखरेचा डबा उघडला, बंद केला. त्यांचं तिच्याकडे लक्षच गेलं नाही.

ती पाय न वाजवता बाहेर आली आणि खुर्चीत बसली. कसं सांगायचं? या माणसाला दुसरं काय येत होतं?

बाबा चहा घेऊन आले. तिने कप धरला, पण प्यायली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली,

"उद्या बिट्टीला मी सोडते शाळेत."

खाली अंगणात मुलं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा वर येत होता.

"ती धडक तू पुन्हा पुन्हा लावत होतीस," ते म्हणाले. "आत ऐकू येत होतं. होता का तो ट्रक तिथे?"

"होता."

"आधीपासून?"

"वळणापासून, बाबा."

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवताना टेबलाची कड बोटांनी आधी चाचपली.

"आणि उद्या फक्त तिलाच सोडणार तू?"

मघापासून तिच्या डोळ्यांसमोर दारातून उतरणारी सगळीच मुलं होती, पण भीतीच्या भरात तिने बसमधून काढून घेतली होती ती फक्त स्वतःची मुलगी. तिची मान खाली गेली.

बाबांनी खिसे तपासले. मग सोफ्यावर हात फिरवायला लागले. फोन त्यांच्या डाव्या मांडीला लागून पडला होता. तिने तो उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला.

शाळेत बसचं काम बघणाऱ्या बाईंना त्यांनी फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, थोडा चढा होता. उद्यापासून माझ्या गाडीवर दुसरा माणूस लावा, म्हणाले. ताप वगैरे काही नाही, डोळे दाखवायचेत, म्हणाले. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. रविवारी ऐनवेळी माणूस कुठून आणू, एवढं तिला इथवर ऐकू आलं. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"नाही बाई," ते शेवटी म्हणाले. "एक फेरीसुद्धा नाही."