झाकण पडल्यानंतरचं गाणं

'वाऱ्यासंगे जाते बाई, उन्हासंगे येते घरी,
कवाड नुसतं लोटा, कडी नका लावू वरी...'

दुकानामागच्या पडद्याआडून कितीतरी वर्षांपूर्वी आलेला हा आवाज चौकटवाल्याच्या कानात अजून घर करून होता. आवाजाची मालकीण आजही पडद्यापलीकडेच, स्वयंपाकघरात होती. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज सुतळीसारखा खरखरीत झाला होता. बोलण्यापुरता पुरायचा, गाण्याला पुरत नव्हता. गाणं घरातून गेलं, आणि ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

ते गाणं उरलं होतं फक्त चौकटवाल्याच्या डबीत.

डबी म्हणजे गाणी वाजवायचं जुनं, मुठीएवढं यंत्र. त्याला ना पडदा, ना यादी. कार्डावर गाणी ज्या क्रमानं चढली, त्याच क्रमानं ते मुकाट वाजवायचं. चौकटवाल्याला गाण्यांची नावं येत नसत, त्यांचे शेजारी पाठ होते. लांबलचक सनई संपली की पुढे खोकणारा तबलजी, आणि त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेली बायकोची ओवी. डबी नवी होती तेव्हा आवाज भरायचं बटण चालतं का, म्हणून त्यानं सहज दाबून पाहिलं होतं. नेमकी तेव्हाच ती गात होती. दुसऱ्यांच्या लग्नाच्या तसबिरींना चौकटी ठोकताना हात सरसाने बरबटलेले असले, तरी तो कोपरानं बटण दाबून ती ओवी ऐकायचा. डबीचा आवाज बारीक, पडद्यापलीकडे पोचायचा नाही; बायकोला याचा पत्ता नव्हता.

मग एके दिवशी डबी सरसाच्या भांड्यात पडली आणि गचके देऊन गप्प झाली. कार्ड तेवढं वाचलं. लेकीनं, ठकीनं, ते नव्या, पडदा असलेल्या यंत्रात घातलं.

"बाबा, आता ऐट आहे तुमची! गायक, वाद्य, साल, सगळं आपोआप लावून देतं हे."

लावून दिलं खरं. सनई सनयांच्या घरी गेली, तबलजी तबल्यांच्या. शेजार मोडला. ज्यांना नावगाव नव्हतं ते सगळे 'अज्ञात' नावाच्या ढिगात पडले. चौकटवाल्यानं तो ढीगही उपसला, पण ओवी नव्हती. त्या दिवशी त्याच्या हातून दोन काचा तिरप्या कापल्या गेल्या.

"शोधताय काय एवढं? गायक कोण?" ठकीनं विचारलं.

"गायिका."

"नाव?"

"असू दे."

"बाबा, 'असू दे' नावाची गायिका नाही यात."

"चेष्टा पुरे. एवढुसं आहे गं ते. सुरू होतं न होतं तोच संपतं."

ठकीनं कपाळावर हात मारला. "तिथंच घोडं अडलंय! मिनिटाच्या आतलं काही असलं की हे यंत्र त्याला खुटखाट समजतं, यादीत घेतच नाही. गाणं कार्डावर असणार. यादी गुंडाळून ठेवू, सरळ फाइलीच उघडू."

फाइलींना नुसते आकडे होते. "यातलं तुमचं ओळखायचं कसं?"

चौकटवाल्यानं स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "आधी झाकण पडतं. मग तुझी आई गाते."

ठकीचं बोट जागच्या जागी थांबलं. "आईला माहीत आहे?"

"छे! आता ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. तूही तोंड शिवून ठेव."

ठकी एकेक फाइल लावू लागली. कुणाची बासरी झाली, ती लांबलचक सनई झाली. मग एकदम खणकन् झाकण पडलं आणि ओवी दुकानभर झाली. आवाज कमी करायचं बटण नव्या यंत्रावर कुठं आहे, ते चौकटवाल्याला सापडेना.

पडदा सरकला. ओल्या हातांनी ती उभी होती.

"मोठ्या पातेल्याचं झाकण ते," ती खरखरत म्हणाली. "तेव्हाच पोचा आला त्याला."

तिनं पदराला हात पुसले.

"परत लावा की."

ठकीनं परत लावलं. बायकोचे ओठ शब्दांबरोबर हलत राहिले, बिनआवाजाचे. डोळे भरले, पण चेहरा काही दुखावलेला दिसेना.

"चोरून ठेवलंत होय? आणि मी समजत होते, माझ्या गाण्याची तुम्हाला कटकट होते. मी सूर लावला की तुमचा हातोडा बंद पडायचा. म्हटलं, बसले असतील कानांत बोटं घालून. मग मी मुद्दाम आणखी मोठ्यानं गायचे!"

ठकी खुदकन हसली. चौकटवाल्यानं चिकट हात सदऱ्याला पुसले, तसा सदराच हाताला चिकटला.

"कटकट कसली गं," तो म्हणाला. "ठोक्याखाली तुझा एखादा शब्द दबेल म्हणून हातोडा खाली ठेवायचो. फार गोड गायचीस तू. मला फार आवडायचं."